मुलांच्या हातातील मोबाइल आणि आपली जबाबदारी

(संस्थेच्या वार्षिक पालक-शिक्षक मेळाव्यातील भाषणाचा मजकूर)





मला जो विषय देण्यात आला आहे तो वरवर पाहता शाळेच्या अभ्यासक्रमाबाहेरचा वाटेल. लहान मुले, त्यांच्या हातातील मोबाइल आणि त्यावरील समाजमाध्यमे, हा तो विषय. परंतु आपली संस्था केवळ परीक्षांचे निकाल लावण्यासाठी स्थापन झालेली नाही. तालीम आणि तरबियत हे दोन शब्द आपण नेहमी जोडीने उच्चारतो. पहिल्यासाठी आपण इमारती उभ्या केल्या, शिक्षक नेमले, शिष्यवृत्त्या दिल्या. दुसऱ्याचे काम घरावर, मदरशावर आणि मोहल्ल्यातील वडीलधाऱ्यांवर सोपवून आपण निश्चिंत राहिलो. आज ह्या तिघांच्याही आधी मुलापर्यंत पोचणारे साधन घरात आले आहे. म्हणून ह्या प्रश्नाचा विचार संस्थेच्या व्यासपीठावरच व्हायला हवा. हे भाषण स्मरणिकेत छापले जाणार आहे. तेव्हा आज येथे येऊ न शकलेल्या वाचकांनीही स्वतःला ह्या सभेत बसलेले समजावे, अशी विनंती आहे.

नव्या साधनाची भीती आपल्याला नवी नाही. मशिदीत लाऊडस्पीकर वापरावा की नाही, ह्यावर एके काळी आपल्याकडे केवढे वाद झाले! सिनेमाबद्दल झाले, टेलिव्हिजनबद्दल झाले. पुढे ती साधने घरोघरी आली आणि वाद मागे पडले. मोबाइलचेही तसेच होईल, उगाच बाऊ कशाला, असे म्हणणारे पुष्कळ आहेत. त्यांना एकच फरक सांगावासा वाटतो. रेडिओ आणि टेलिव्हिजन सर्वांना एकच कार्यक्रम दाखवीत, आणि आपण बोलावे व त्यांनी ऐकावे असा प्रकार नव्हता. हे नवे यंत्र मुलाकडे पाहते. कोणत्या चित्रफितीवर त्याचे बोट थांबले, कोणती त्याने दोनदा पाहिली, कोणती अर्ध्यावर सोडली, ह्याची नोंद ठेवून ते पुढची चित्रफीत निवडते. एका घरातल्या दोन भावंडांना एकाच वेळी दोन वेगळी जगे दिसतात आणि शेजारी बसलेल्या आईला त्यांपैकी एकही दिसत नाही.

मोबाइल घरात कसा आला

दोष कोणाचा हे ठरविण्यापूर्वी हे साधन आपल्या घरात कसे आले ते पाहणे बरे. रत्नागिरी-रायगडकडील आपल्या कित्येक घरांतील कर्ता पुरुष आखातात नोकरीला असतो. पूर्वी पत्र यायला दोन-दोन आठवडे लागत. कोणी सुट्टीवर येणारा गाववाला टेपची कॅसेट घेऊन आला, तर सारे घर भोवती बसून ती ऐके. आज कुवेत-दुबईतला बाप मुलाचा रोजचा चेहरा पाहतो, त्याच्याकडून सबक म्हणवून घेतो. ही अल्लाहची मोठी मेहेरबानी आहे आणि तिच्याविरुद्ध बोलण्याचा माझा हेतू नाही. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०२१ साली जी मार्गदर्शक तत्त्वे दिली, त्यांतही दोन वर्षांखालील बाळाला पडद्यापासून पूर्ण दूर ठेवा असे सांगताना नातेवाइकांशी अधूनमधून होणाऱ्या व्हिडिओ कॉलचा तेवढा अपवाद केला आहे.

दुसरे म्हणजे, २०२० च्या मार्चमध्ये करोनामुळे शाळा बंद झाल्या आणि मोबाइल हीच शाळा झाली. ज्या आई-बापांनी मुलाला मोबाइलला हात लावू दिला नव्हता, त्यांनी कर्ज काढून तो घेऊन दिला, कारण शिक्षकांनी तसे सांगितले होते. शाळा उघडल्या, पण अनेक ठिकाणी गृहपाठ व्हॉट्सअॅपच्या गटावरच राहिला. तेव्हा मुलाच्या हाती मोबाइल देण्यात आपण शिक्षकांचाही वाटा आहे. पालकांना उपदेश करण्यापूर्वी आपण तो मान्य केला पाहिजे.

ह्याचा परिणाम काय झाला हे आकड्यांत दिसते. देशातील ग्रामीण मुलांच्या शिक्षणाची पाहणी करणाऱ्या 'असर' अहवालात २०२४ साली १४ ते १६ वर्षांच्या मुलांना मोबाइलविषयी विचारले गेले. १०० पैकी ८२ मुलांना स्मार्टफोन वापरता येत होता. वापरता येणाऱ्यांपैकी ५७ टक्के मुलांनी मागल्या आठवड्यात तो अभ्यासासाठी वापरला होता; समाजमाध्यमांसाठी वापरणारे ७६ टक्के होते. अभ्यासासाठी आणलेले साधन कोणत्या कामाला अधिक लागले, हे निराळे सांगावयास नको.

तेरा वर्षांची अट आणि पहिले खोटे

इन्स्टाग्राम, फेसबुक, स्नॅपचॅट ह्यांच्या स्वतःच्याच नियमांप्रमाणे तेरा वर्षांखालील मुलाला खाते उघडता येत नाही. हा तेराचा आकडा अमेरिकेत १९९८ साली झालेल्या एका कायद्यातून आला. तेरा वर्षांखालील मुलांची माहिती आई-वडिलांच्या परवानगीवाचून गोळा करू नये, असा तो कायदा. परवानगीची कटकट नको म्हणून कंपन्यांनी तेरा वर्षांचीच अट घातली. तेव्हा तेरावे वर्ष लागले म्हणजे मूल ह्या बाजारात फिरण्याइतके जाणते झाले, असा दाखला कोणी दिलेला नाही.

आणि आपण काय करतो? चौथीतला मुलगा हट्ट धरतो, मोठा भाऊ किंवा स्वतः वालिद जन्मसाल बदलून टाकतात आणि खाते उघडले जाते. मुलाच्या ह्या नव्या आयुष्याची सुरुवात खोट्याने होते, आणि ते खोटे त्याला घरातल्या वडीलधाऱ्यांनी शिकविलेले असते. नैतिक बाजू सोडून दिली तरी त्यात व्यवहाराचाही तोटा आहे. नऊ वर्षांचा मुलगा कागदोपत्री एकोणीस वर्षांचा झाला की यंत्र त्याला मोठ्यांचाच माल दाखवू लागते. इन्स्टाग्रामने २०२४ पासून अल्पवयीनांच्या खात्यांना काही बंधने घातली आहेत: खाते खाजगी राहते, अनोळखी माणसाला सहजासहजी संदेश पाठविता येत नाही. खोट्या जन्मसालाच्या मुलाला ह्यांपैकी कोणतेच संरक्षण मिळत नाही. दाराला कडी होती. आपल्याच हाताने ती काढून ठेवली.

यंत्राचा धंदा

ही माध्यमे फुकट कशी मिळतात, हा प्रश्न प्रत्येक शिक्षकाने वर्गात विचारावा. त्यांचा पैसा जाहिरातींतून येतो; जाहिरात अधिक दिसावी तर माणूस पडद्यासमोर अधिक वेळ बसला पाहिजे. पूर्वी वर्तमानपत्राला शेवटचे पान असे, मालिकेचा भाग अर्ध्या तासात संपे. बोट सरकवीत राहावे आणि मजकूर कधीच संपू नये, ही युक्ती अझा रास्किन नावाच्या अमेरिकन तंत्रज्ञाने २००६ साली काढली, आणि पुढे त्याच गृहस्थाने तिच्या परिणामांबद्दल जाहीरपणे खेद व्यक्त केला. जाणत्या माणसाला जेथे उठावेसे वाटत नाही, तेथे आठ वर्षांच्या पोराने आपण होऊन उठावे अशी अपेक्षा धरणे आणि न उठल्यास त्याला धपाटा घालणे, ह्याला न्याय म्हणता येणार नाही.

आरोग्याबाबत काय निश्चित आहे आणि काय नाही, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली सांगितले की, एक वर्षाच्या बाळाला पडदा नकोच, आणि दोन ते चार वर्षांच्या मुलाला दिवसाकाठी एका तासाहून अधिक नको. अमेरिकेचे तत्कालीन सर्जन जनरल डॉ. विवेक मूर्ती ह्यांनी २०२३ च्या मे महिन्यात काढलेल्या सूचनापत्रात, रोज तीन तासांहून अधिक वेळ समाजमाध्यमांवर घालविणाऱ्या किशोरांत नैराश्य व चिंतेच्या लक्षणांचा धोका दुप्पट आढळल्याचे नमूद केले. माध्यमामुळे मूल उदास होते की उदास मूल माध्यमाकडे वळते, ह्यावर संशोधकांचे अजून एकमत नाही. बहुधा दोन्ही होत असावे. पण झोपेबद्दल फारसा मतभेद नाही. सहा ते बारा वर्षांच्या मुलाला नऊ ते बारा तास झोप हवी. ज्या मुलाला फजरला उठून, मदरशात जाऊन मग शाळेत यायचे आहे, त्याने रात्री बारापर्यंत पांघरुणात रील पाहिल्या तर हिशेब कोठून जुळणार? रमजानमध्ये तर तरावीहनंतर सहरीपर्यंत मोबाइल चालू असतो आणि पहिल्या तासाला बाकावर डोके टेकलेले असते. शिक्षक त्याला आळशी म्हणतात. तो आळशी नाही. त्याची झोप झालेली नाही.

मुलगी, मुलगा आणि मोबाइल

आता थोड्या नाजूक बाबीकडे वळतो. २०२१ च्या जुलैमध्ये आणि पुन्हा २०२२ च्या जानेवारीत मुसलमान स्त्रियांची छायाचित्रे समाजमाध्यमांवरून चोरून त्यांचा लिलाव मांडल्याचे दाखविणारी दोन अॅप निघाली. शिकलेल्या, लिहित्या-बोलत्या स्त्रियांना मुद्दाम लक्ष्य केले गेले होते. दुसऱ्या प्रकरणात अटक झालेल्यांत विशीच्या आतबाहेरची मुले-मुली होती, हे आपण विसरू नये. ते हात कोणाच्या तरी घरात, कोणत्या तरी शाळेत शिकलेले होते.

ह्या घटनांनंतर आपल्या अनेक घरांत काय झाले? मुलीचा मोबाइल काढून घेतला गेला. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी! गुन्हा चोरणाऱ्याचा आणि बंदी मुलीवर. मुलाला मात्र कोणी विचारीत नाही की बाबा रे, तू रात्री काय पाहतोस, कोणाचा फोटो कोणाला पाठवितोस? मुलीला संशय मिळतो, मुलाला मोकळीक. शिकवण दोघांनाही मिळत नाही. आज कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्याने साध्या छायाचित्रावरूनही अश्लील चित्र बनविता येते, म्हणजे ज्या मुलीजवळ मोबाइल नाही तिचाही वर्गातील गटफोटो पुरेसा होतो. अशा वेळी तिला वाचविणारी गोष्ट एकच: घरी सांगितले तर आपल्यालाच बोलणी बसतील, अशी भीती तिला वाटता कामा नये. धमकी देणारा माणूस ह्याच भीतीवर जगतो. म्हणून प्रत्येक आई-बापाने आजच मुलांना सांगून ठेवावे: "काहीही झाले तरी आधी आम्हांला सांग, आम्ही रागावणार नाही." आणि हा शब्द पाळावा.

काही क्रमांक लिहून ठेवावेत. संकटातील मुलांसाठी १०९८, सायबर गुन्ह्यांसाठी १९३० आणि मन खचल्यास मोफत सल्ल्यासाठी टेलि-मानसचा १४४१६. संदेश पुसून टाकू नयेत. ते पुरावा असतात.

बातमी आणि स्टेटस

डिजिटल साक्षरता म्हणजे बटणे दाबता येणे, असा समज आहे. बटणे मुलांना आपल्यापेक्षा चांगली येतात. खरी साक्षरता म्हणजे जे दिसते त्याची पारख. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे भिक्षा मागून पोट भरणाऱ्या भटक्या समाजातील पाच माणसांना जमावाने ठार मारले. मुले पळविणारी टोळी फिरते आहे, अशी अफवा मोबाइलवरून पसरली होती. त्या दिवसांत देशभर जी एक चित्रफीत फिरत होती ती मुळात मुलांच्या सुरक्षिततेविषयी जागृती करण्यासाठी कराचीत बनविलेली होती. कोणी तरी तिचा शेवट कापून टाकला आणि ती खऱ्या अपहरणाची म्हणून पुढे ढकलली. त्याच महिन्यात व्हॉट्सअॅपने भारतात एक संदेश एका वेळी पाचांपेक्षा अधिक ठिकाणी पाठविण्यावर बंदी घातली. पण पाच ठिकाणी तरी का पाठवावा, हा प्रश्न मनात उभा राहणे हे शिक्षणाचे काम आहे.

दुसरे उदाहरण आपल्या जिव्हारी लागणारे आहे. २०२३ च्या जूनमध्ये काही जणांनी मोबाइलवर ठेवलेल्या स्टेटसवरून कोल्हापुरात तणाव उसळला, दगडफेक झाली, इंटरनेट बंद ठेवावे लागले. ज्या शहराने शाहू महाराजांच्या काळापासून मुसलमान मुलांच्या शिक्षणाला आधार दिला, त्या शहरात हे घडावे! कोणाची चूक किती, ह्याचा निवाडा करणे येथे माझे काम नाही. दुकाने फोडणाऱ्यांचा दोष स्टेटस ठेवणाऱ्यावर ढकलता येत नाही, हे मी स्पष्ट सांगतो. पण चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाला हे समजावणे आपले काम आहे की, मित्रांत फुशारकी मारण्यासाठी ठेवलेली ओळ एका रात्रीत पोलीस ठाण्यापर्यंत जाते, आणि तिची किंमत गल्लीच्या तोंडाशी पानटपरी चालविणारा गरीब माणूस मोजतो.

ह्यासाठी वेगळे पुस्तक शोधण्याची गरज नाही. सूरे हुजुरात हे कुरआनातील लहानसे प्रकरण, पण आजच्या समाजमाध्यमांसाठी लागणारे बहुतेक सर्व नियम त्यात आले आहेत. बातमी आली तर शहानिशा करा. एकमेकांची टर उडवू नका, नावे ठेवू नका. संशय, हेरगिरी, पाठीमागची निंदा ह्यांपासून दूर राहा. आपली मुले हे प्रकरण मुखोद्गत करतात. मौलवीसाहेबांनी ते शिकविताना मोबाइलचा एक दाखला दिला, तर मुलाला कळेल की हे आपल्याशी, आज संध्याकाळच्या गोष्टीविषयी बोलते आहे.

कायदा किती पुरा पडेल

ऑस्ट्रेलियाने १० डिसेंबर २०२५ पासून सोळा वर्षांखालील मुलांना प्रमुख समाजमाध्यमांवर खाते ठेवण्यास बंदी केली. दंड मुलाला वा पालकाला नाही, कंपनीला आहे. आपल्या देशात २०२३ च्या व्यक्तिगत माहिती संरक्षण कायद्याने अठरा वर्षांखालील प्रत्येकाला मूल मानले आहे: त्याची माहिती घेण्यापूर्वी पालकाची खात्रीलायक संमती हवी, त्याच्या वागण्यावर पाळत ठेवून त्याला जाहिराती दाखविता येणार नाहीत. ह्या कायद्याचे नियम २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये जाहीर झाले आणि ते टप्प्याटप्प्याने अमलात यायचे आहेत. कायदा हवाच. पण संमती देणारा पालक जर न वाचता 'होय' दाबणार असेल आणि जन्मसाल स्वतःच बदलणार असेल, तर कायदा बिचारा काय करील?

मगरीब ते इशा

मग करायचे काय? सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव ह्या गावाने २०२२ साली एक वाट दाखविली. रोज संध्याकाळी सात वाजता गावातील मंदिरावरचा भोंगा वाजतो आणि दीड तास घरोघरचे टेलिव्हिजन व मोबाइल बंद होतात. मुले अभ्यासाला बसतात, मोठी माणसे बोलत बसतात. ह्या प्रयोगाची खरी ताकद भोंग्यात नाही. सारे गाव एकाच वेळी थांबते, त्यामुळे 'त्याला आहे आणि मला का नाही' ही तक्रार उरत नाही, ह्यात ती आहे.

आपल्याला भोंग्याचीही गरज नाही. मगरीबची अजान आपल्याकडे रोज होतेच. मगरीब ते इशा हा सव्वा-दीड तासाचा वेळ पूर्वी आपल्या घरांत मुलांचाच असे: कंदिलाभोवती सबक, पाढे, दादी-नानीच्या गोष्टी. तोच वेळ पुन्हा मुलांना द्यावा, असा माझा प्रस्ताव आहे. त्या वेळेत घरातील प्रत्येक मोबाइल एका टोपलीत. प्रत्येक म्हणजे अब्बांचाही. आडात नाही तर पोहऱ्यात कोठून येणार? आखातातल्या वडिलांशी बोलण्याची वेळ इशानंतरची ठरवावी. तिकडे तेव्हा संध्याकाळच असते.

त्याबरोबर आणखी तीन गोष्टी. पहिली: संस्थेच्या प्राथमिक शाळांनी गृहपाठ मोबाइलवर देणे बंद करावे आणि पुन्हा वहीवर आणावे. दुसरी: पाचवीपासून आठवड्याला एक तास पारखीचा ठेवावा. त्यात मुलांनी स्वतःजवळ आलेला एक संदेश आणावा आणि तो कोणी, केव्हा, कशासाठी बनविला हे सर्वांनी मिळून शोधावे. तिसरी: आयांसाठी दर महिन्याला एक बैठक व्हावी, खाते खाजगी कसे करायचे, त्रास देणाऱ्याला कसे अडवायचे, हे त्यांना हाती मोबाइल देऊन शिकवावे. नववी-दहावीच्या मुलींनी हे काम करावे. ज्या मुलीकडून आपण मोबाइल काढून घेतला, तीच आईची शिक्षिका होईल.

आणि रिकाम्या झालेल्या वेळेत मुलाने काय करावे, हेही आपणच पाहिले पाहिजे. वाचनालयाला कुलूप, मैदानावर लग्नाचा मांडव आणि घरात कोणी बोलत नाही, अशा स्थितीत मोबाइल काढून घेतलेले मूल शेजाऱ्याच्या मोबाइलकडेच जाईल. संस्थेचे वाचनालय संध्याकाळी उघडे ठेवावे, ही विश्वस्तांना माझी नम्र विनंती आहे.

आरोग्य आणि फुरसत ह्या दोन देणग्यांच्या बाबतीत पुष्कळ माणसे नुकसानीत राहतात, अशा आशयाची हदीस आपण सर्वांनी ऐकली आहे. आपल्या मुलांची फुरसत आज दुसऱ्याच्या धंद्याचे भांडवल झाली आहे. ती परत मिळविणे एकट्या आईला किंवा एकट्या शिक्षकाला जमणार नाही. मोहल्ल्याने मिळून ठरविले तर जमेल. येत्या जुम्मापासून निदान चाळीस दिवस, आपल्या संस्थेशी संबंधित प्रत्येक घराने मगरीब ते इशा हा नियम पाळून पाहावा आणि अनुभव मुख्याध्यापकांना लेखी कळवावा. जमले तर पुढल्या स्मरणिकेत ते अनुभव छापावेत. न जमले तर का जमले नाही, तेही छापावे.

अल्लाह आपल्या मुलांना उपयोगी ज्ञान व नेक समज देवो, अशी दुआ करून माझे भाषण संपवितो.

खुदा हाफीज. जय हिंद!